मोज्याची आतली बाजू

विणकाम मला मोठ्या बहिणीनं शिकवलं, मी चौथीनंतर शाळा सोडली त्या वर्षी. सुई कशी धरायची, टाके कसे मोजायचे, सगळं दाखवलं. रंग बदलला की लोकरीचं टोक सुटं राहतं, त्याचं काय करायचं ते मात्र सांगितलं नाही. तिलाही ठाऊक नसावं. आम्ही गाठ मारायचो आणि बोटभर शेपूट ठेवून कापायचो, कारण अगदी जवळून कापलं तर गाठ सुटते. शेपटं आत राहायची. टीव्हीवरचं झाकण, दाराचं तोरण, टेबलावरचा रुमाल, यांची आतली बाजू कोण बघतं?

आमच्या मागच्या खोलीत बेळगावकडचं चाळिशी ओलांडलेलं जोडपं भाड्यानं राहतं. नवरा डिचोलीला कारखान्यात कामाला. सुनेला मुलगी झाली तेव्हा ती बाई बाळाला न्हाऊ घालायला येऊ लागली. मी नातीसाठी मोजे विणले होते, लाल-पिवळ्या पट्ट्यांचे. बाईनं एक हातात घेतला, उलटा केला आणि हसली.

"आज्जी, हे काय ओ, आत नुसत्या मिशा सोडल्यात!"

"आत आहेत ना? तू बाहेरून बघ."

"सुईत ओवून टाक्यांतनं मागं-पुढं घालून घ्या की. नाहीतर मी देते करून."

"तू न्हाऊ घाल. विणायचं मला कळतं."

श्रावणातले ओले दिवस होते, बाळ अडीच महिन्यांचं. न्हाणं झाल्यावर मी स्वतः तिच्या पायांत मोजे घातले. दुपारपासून ती रडू लागली. दूध घेईना. मी पोटावर हिंग लावला. तिन्हीसांजेला मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली.

सून म्हणाली, "आई, हिचे सगळे कपडे काढून एकदा बघूया. मुंगी-बिंगी असली तर?"

"पाय उघडे टाकलेस तर पोटात वारा धरेल. मी तीन वाढवलीत."

तिनं ऐकलं. पोर रात्रभर रडली. उजाडेपर्यंत तिचा आवाज बसला होता.

सकाळी न्हाणीतून बाईची हाक आली. "आज्जी, इकडं या. आधी या."

उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट फुगून काळंनिळं झालं होतं. मोज्यातल्या एका शेपटाचे पदर सुटले होते, आणि त्यातला एक, केसाएवढा बारीक, बोटाला वेढे घालून मांसात रुतला होता.

डॉक्टरनं भिंगातून बघत तो कापला. मग विचारलं, "मोजा कुठला?"

"बाजारातला," मी म्हटलं.

सून माझ्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर दुसरा मोजा मी न्हाणीच्या चुलीत घातला. लोकर म्हणून विकतात, पण ती धड जळली नाही. वितळून गोळा झाली आणि प्लास्टिकचा वास घरभर पसरला. सून वासानं आत आली. मुलगाही मागोमाग आला. त्याला कपड्यांतलं कधीच कळलं नाही, तो मोजे खरंच विकतचे समजत होता.

"बाजारातले होते ना आई?" सून म्हणाली. "मग उद्या जाऊया. आत शेपटं का ठेवतो म्हणून दुकानदाराला विचारूया. कुठलं दुकान, सांगा."

"मी विणले," मी म्हटलं. "बाईनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तू कपडे काढून बघूया म्हणालीस, तेही ऐकलं नाही."

मुलानं माझ्या हातांकडे बघितलं आणि तो बाहेर गेला.

"हेच उद्या डॉक्टरला सांगा," सून म्हणाली.

सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, मान वर केली नाही. बोटाचं टोक वाचलं नाही. ते सुकत गेलं आणि शेवटी काढून टाकावं लागलं.

त्यानंतर मी बाईच्या खोलीत जाऊन बसले. तिनं दाखवलं. टोक जाड सुईत ओवायचं, चार टाके उजवीकडे न्यायचं, तिथून परत डावीकडे आणायचं, मोजा ताणून बघायचा आणि मगच कापायचं. शिकायला अर्धा तासही लागला नाही.

नात आता बालवाडीत जाते. धावते, पडते, सगळं करते. चप्पल काढली की ते आखूड बोट दिसतं. मी विणलेलं तिच्या अंगाला पुन्हा लागलं नाही. सून नको म्हणत नाही. घेते आणि कपाटात ठेवते.

गेल्या महिन्यात बाईची लेक बाळंत झाली. मी मोज्यांचे दोन जोड विणून नेले. "चांगले झालेत की आज्जी," बाई म्हणाली, आणि माझ्यासमोरच एकेक मोजा उलटा करून आतून बोट फिरवू लागली. चारही बघितले. तिचं बघून होईपर्यंत मी दारातच उभी होते.