गाठीचे कान

कॉन्ट्रॅक्टरनं ट्रायलला आणलेली लाकडी खोकी रोलरवरून अशी सुळकन गेली, की मालकांनी खिशातून पेनच काढलं. त्यांची सही झाली की कन्व्हेयर आमचा आणि कॉन्ट्रॅक्टर मोकळा.

"थांबा मालक," मी म्हणालो. "आपली चादरींची गाठ टाकून बघू."

"आता काय खोडा घालताय हो इंजिनिअर? सणाचा माल तुंबलाय की!"

ते चिडले यात नवल नव्हतं. सोलापुरात आमचा चादरींचा कारखाना. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाठी पाठीवर घेऊन हमाल ज्या उतारानं गोदामातून खाली यायचे, तो उतार मीच पाडायला लावला होता. त्याच्या जागी कन्व्हेयर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या लोखंडी रोलरांची लांब रांग. गाठ वर ठेवायची, ती आपोआप ट्रकपाशी. योजना माझी, करार माझा. यंत्र परत गेलं तर पाठोपाठ तुम्हीही जाल, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

पण लाकडी खोकं म्हणजे काय चादरींची गाठ? आमची गाठ बारदानात शिवलेली, मऊ. चारी कोपऱ्यांना बारदानाचे कान सोडलेले. ते धरूनच हमाल गाठ उचलतात.

मुकादम तिप्पण्णांनी एक गाठ ठेवली. जरा पुढं गेली आणि तिचा कान रोलरांच्या फटीत शिरला. मोटर गुरगुरली, बारदान टर्रकन फाटलं, चादरी जमिनीवर! मालक माझ्याकडंच डोळे वटारून बघायला लागले. पण सहीनंतर फाटलं असतं तर?

कॉन्ट्रॅक्टरचा साहेब पुण्याचा. शांतपणे म्हणाला, "कान कापून टाका. यंत्र असताना ते हवेत कशाला?"

"आदी तुमचे कापा की सायेब," तिप्पण्णा म्हणाले. हमाल खो खो हसले.

मला हसून चालणार नव्हतं. "साहेब, ट्रकच्या पुढं काय? रेल्वेच्या धक्क्यावर, व्यापाऱ्याच्या दुकानात गाठ माणसंच उचलतात. तिथं आहे का तुमचा कन्व्हेयर? रोलरांवर कॅनव्हासचा पट्टा चढवा. फट झाकली जाईल."

"पट्टा करारात नाही."

"पण 'कारखान्यातून निघते तशी गाठ यंत्र वाहील' हे आहे. हट्टानं घातलंय मी. आमची गाठ कानांसकट निघते."

मालकांनी पेनाला टोपण लावलं. "पट्टा चढवा हो. सहीचं मग बघू."

साहेब तणतणत गेला, पण पट्टा घेऊन आला. सणाचा सगळा माल त्यावरून बिनबोभाट गेला, एक कान अडकला नाही. मालक येईल त्या पाहुण्याला तो पट्टा दाखवायचे आणि "ही आमची आयडिया" म्हणून सांगायचे. म्हणेनात का! माझी नोकरी शाबूत होती.

यंत्र कुणाचंही घ्या, ट्रायल आपल्याच मालावर घ्या. ड्रॉइंगमधल्या गाठीला कान नसतात.