सदऱ्यांतून घरात आलेलं शिसं

"हिच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टरमॅडम म्हणाल्या.

मला काही कळलंच न्हाई. मी विचारलं, पेन्सिलीतलं का? "नाही ताई, बॅटरीतलं," त्या म्हणाल्या, आन् आमच्या ह्यांनी मान खाली घातली.

हे जालन्यात एका शेडात कामाला आहेत. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या पट्ट्या काढून वितळवायच्या. आम्ही मूळचे घनसावंगीकडचे, मेंढरंवाले. आता इथं भाड्याच्या दोन खोल्यांत मी, हे आन् चार वर्षांची स्वरा.

तीन महिन्यांपासून पोरगी धड जेवत नव्हती. पोट दुखतंय म्हणायची, चार-चार दिवस शौचाला व्हायचं न्हाई. आधी जंताचं औषध झालं, मंग टॉनिक. मी दृष्टपण काढली, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या ज्या शेळीला ती रोज हाका मारायची, तिचंच नाव तिला आठवंना, तवा माझ्या काळजाचं पाणी झालं.

ब्लड लेड लेव्हल नावाची तपासणी असती. रक्तात शिसं किती उतरलंय ते तिच्यात कळतं. रक्त बाहेरगावी पाठवतात, म्हणून रिपोर्टला आठ दिवस लागले. आकडा बघून मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "या वयात शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. बिघडलेलं सगळं भरून येईल असं मी म्हणणार नाही. पण आत्ता थांबवलं तर पुष्कळ वाचेल."

मॅडम संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या, तिथंच पोरीला भरती केलं. तिथं किलेशन केलं, म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध दिलं. रोज सुई, रोज रडारड. शेजारच्या कॉटपाशी परतूरच्या एक मावशी होत्या, त्यांच्या नातवाला डेंग्यू झाल्ता. त्या मला बळंच भाकर खाऊ घालायच्या. "तू पडलीस तर पोरीला कोण बघंल गं?" म्हणायच्या. देव त्यांचं भलं करो.

आकडा उतरला, आम्ही घरी आलो. तीन आठवड्यांनी परत तपासलं तर पुन्हा चढलेला! परत भरती.

मी तर येडीच व्हायची बाकी होते. शिसं कशातूनबी येतं म्हणून मधल्या तीन आठवड्यांत पाण्याचा माठ बदलला, हळद बदलली, रंगीत खेळणी फेकून दिली. ह्यांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायला लागले. घरमालकिणीशी दाराच्या रंगावरून भांडले, बिचारीचा काही दोष नसताना.

मॅडम राउंडला आल्या आन् स्वराच्या कॉटवर टेकल्या. "औषध दिल्यावर हाडातलं शिसं रक्तात उतरतं, म्हणून आकडा थोडा वर येतो. पण एवढा नाही. अजून कुठून तरी जातंय." बोलता बोलता त्यांचा हात खालच्या गोधडीवर गेला. पोरगी गोधडीचं टोक तोंडात धरल्याशिवाय झोपायची न्हाई, म्हणून मी दोन्ही वेळा ती घरून सोबत आणली होती.

"छान आहे. कशाची शिवली?"

मी लई कौतुकानं सांगितलं, "ह्यांच्या कामावरच्या जुन्या सदऱ्यांची. आठ सदरे आहेत आत."

मॅडमनी हात उचलला. मला तवाच कळलं. काखेत कळसा आन् गावाला वळसा, तशातली गत.

आमच्यात कापड फेकत न्हाईत. सदरा विटला की गोधडीत जातो. बापाचं कापड अंगाखाली असलं की लेकरू भेत न्हाई, असं माझी आई सांगायची. मी दुपारच्या दुपार बसून टाके घातले होते. मायेनं जहर शिवलं हो मी! तिथंच हुंदके द्यायला लागले. हे म्हणाले, "तू शिवलं, पण आणलं तर मीच ना."

"दोष वाटत बसू नका," मॅडम म्हणाल्या. "सांगते ते करा."

त्यांनी सांगितलं ते तुम्हीपण ध्यानात ठेवा. असं कापड जाळायचं न्हाई, धुरातून शिसं पसरतं. धुऊन वापरायचं न्हाई, शिवणीत बसलेली भुकटी निघत न्हाई. दोन पिशव्यांत बांधून शेडातल्या घातक कचऱ्यात परत द्यायचं. घर झाडायचं न्हाई, वल्ल्या फडक्यानं पुसायचं. मी दिवसातून दोनदा झाडायची, म्हणजे दोनदा धूळ उडवायची.

सुट्टी झाल्यावर मी शेडावर गेले. सोबत कामगारांच्या पाच बायका होत्या. मालकाला म्हणले, "शेठ, इथं नळ न्हाई, कपडे बदलायला जागा न्हाई. तुमच्या लेकराला ह्या सदऱ्यावर झोपवता का?" हे मागून मला गप करून राह्यले होते. मी काय गप बसते! मालकानं तिथंच मिस्त्रीला बोलावणं धाडलं. त्यालाबी नातू आहे. महिन्याभरात दोन खोल्या झाल्या. एकीत मळके कपडे काढायचे, मधी अंघोळ, दुसरीत घरचे कपडे. ह्याला डिकन्टॅमिनेशन म्हणतात, म्हणजे अंगावरचं जहर कामावरच उतरवून यायचं. मळके कपडे तिथंच धुतात. ॲसिड उडालं तर डोळे धुवायला नळ बसवला. महिन्यातून एकदा मॉक ड्रिल, म्हणजे खोटा अपघात करून धावपळीची सवय करतात. पहिल्या वेळी सगळे हसत होते म्हणं. आता हसत न्हाईत.

पण ह्यांनी लेकराला हात लावणंच सोडलं. अंघोळ करून यायचे, घरी आल्यावर परत अंघोळ करायचे, तरी लांब बसायचे. स्वरा हात पसरून धावत आली की हे उठून बाहेर जायचे. ती दारातच उभी राहून रडायची. मी समजावलं, चिडले, बोलणंपण टाकलं. काही उपयोग न्हाई.

परवा तपासणीला गेल्तो. आकडा बराच खाली आलाय. शब्द अजून अडकतात, वर्षभर दर महिन्याला यायचंय. मॅडमनी ह्यांना भिंतीला टेकून उभं राह्यलेलं बघितलं आन् विचारलं, "कामावर अंघोळ करता ना?"

"हो."

"कपडे तिथंच ठेवता?"

"बिलकुल तिथंच."

"मग उचला तिला. औषधाइतकीच त्याचीही गरज आहे."

ह्यांनी सदऱ्याला दोनदा हात पुसले, वाकले आन् तिला उचललं. स्वरानं लगेच गळ्याला मिठी मारली. ह्यांचे डोळे भरून आल्ते. माझ्याकडं बघून म्हणाले, "आगं, जड झाली की ही!"

मंग बसस्टँडपर्यंत खाली ठेवली न्हाई.