पहिल्या शनिवारचं खाकी पाकीट

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आयुष्यात मी सर्वात मन लावून केलेली गोष्ट म्हणजे मत्सर. शिक्षण, नोकरी, संसार ही कामं मी जमतील तशी उरकली. मत्सर मात्र मी नव्वदच्या दशकात, बेंगळुरूत, सलग चार महिने, एकही सुट्टी न घेता केला. तो होता एका खाकी पाकिटापायी.

मी पुण्याचा, आर्किटेक्चरचा विद्यार्थी. आता ज्याला इंटर्नशिप म्हणतात त्याला आम्ही ट्रेनिंग म्हणायचो. सहा महिने एकाच ऑफिसात काढायचे, मध्येच सोडलं तर वर्ष वाया. माझं ऑफिस चिकपेटच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या गोदामावर. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे जे शिकशील तोच तुझा पगार." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी लिहून पाठवलं. बाबांचं उत्तर आलं, "दिवाळीपर्यंत पैसे पाठवीन. पुढे त्या पगारावर भागव, नाहीतर परत ये."

शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर दुसरी ट्रेनी होती. तिचं घर कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं, बोलणं मराठी, पण मध्ये मध्ये कन्नड पेरलेलं. सर आणि त्यांची निम्मी गिऱ्हाइकं अशाच जुन्या मराठी घरांतली. ऑफिसचा शिपाई तिला अक्का म्हणायचा, म्हणून तिला चिडवायला मीही. वयानं ती माझ्याएवढीच होती.

काम दोघांना सारखंच. ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे काढायचे आणि सरांचा विचार बदलला की ती शाई ब्लेडनं खरवडायची. सरांचा विचार दिवसातून चारदा बदलायचा. ब्लेडही सरांचीच, घरी दाढी करून झालेली. सोमवारी कागदाच्या पुडीतून आणून ते आम्हाला प्रसादासारखी वाटायचे. मी खरवडलं की कागदाला भोक पडायचं. तिनं खरवडलं की तिथे कधी भिंत होती हे त्या भिंतीलाही आठवलं नसतं. हेही मला बघवत नसे, पण एक वेळ ते चाललं असतं.

पाकीट चाललं नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकौंटंट आतून तिला हाक मारायचे. ती आत जायची आणि दोन मिनिटांत एक खाकी पाकीट घेऊन यायची. ते डब्याच्या पिशवीत, डब्याला टेकणार नाही असं, जपून ठेवायची. मला वाटलं, माझी हाक विसरले असतील. दुसऱ्या महिन्यात मी अकौंटंटना एका सकाळी दोनदा नमस्कार केला. त्यांनी दोन्ही स्वीकारले.

तिसऱ्या महिन्यात मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का, त्या पाकिटाचं करतेस काय?"

"अण्णांच्या हातात देते. ते कपाटात ठेवतात. का रे?"

"काही नाही. असंच."

अण्णा म्हणजे तिचे वडील. म्हणजे बाईंना खर्चायचीसुद्धा गरज नव्हती. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्यानं एक प्लेट इडली खाताना मी त्या कपाटातल्या पैशांवर रोज मसाला डोसा आणि दोन कॉफ्या मागवत असे. मनातल्या मनात मी तिची तीन पाकिटं केव्हाच संपवली होती.

चौथा पहिला शनिवार दिवाळीच्या आठवड्यात आला. बाबांची मुदत संपत होती. ती पाकीट घेऊन बाहेर आली आणि मी न बोलावता आत गेलो. प्रिंटच्या यंत्राचा अमोनिया डोळ्यांत जाऊ नये म्हणून केबिनचं दार उघडंच असे. बाहेर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी दोन दिवस आरशासमोर घोटलेल्या आवाजात म्हणालो, "सर, मला जास्त काही नको. तिला जे देता तेच मलाही द्या."

सरांनी चष्मा काढून अकौंटंटकडे पाहिलं. अकौंटंटनी एक पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"हे देतो तिला. तिचे वडील दर महिन्याला फी भरतात, त्याची पावती. तुझ्या वडिलांना कळव, तुलाही देऊ. सरी, चालेल?"

"तिला साइटवर पाठवता येत नाही ना," सर समजुतीनं म्हणाले. "म्हणून फी. तुझ्याकडून मी काही घेत नाही, हे उपकार समज."

खरं सांगतो, तेव्हाही माझा मत्सर मेला नाही. हिच्या शिकण्यापायी हिचे वडील पैसे मोजतात, असा एक नवा कोंब त्याला तिथल्या तिथे फुटला.

पुढच्या महिन्यापासून दोघांच्याही हाका सुरू झाल्या. दोघांनाही पाकिटं, आत खरे पैसे. खोलीचं भाडं निघून मसाला डोसा उरेल इतके. तिची फी बंद झाली, माझं वर्ष वाचलं. गेली कित्येक वर्षं मी हा किस्सा माझ्या त्या घोटलेल्या वाक्याचा पराक्रम म्हणून सांगत आलो आहे. आता कबूल करतो, त्या वाक्यानं सरांची भुवईसुद्धा हलली नव्हती. सर हलले ते माझ्या मागोमाग दारापर्यंत आलेल्या तिच्या बोलण्यानं. फी सगळेच भरतात, असं सरांनी तिच्या अण्णांना सांगितलं होतं. ती पाकीट हातात धरून दारातच उभी होती, आणि बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे सर, हा फुकट राबतोय, आणि मी पैसे भरून राबतेय?"