सहावी फेरी

इजिप्तमधल्या खारगाच्या खजुरीबागा संपतात तिथे वाळवंटात एक जुनं देऊळ आहे, आणि शाझली त्याचा राखणदार. एकतीस वर्षं त्याचं काम ठरलेलं. संध्याकाळी फाटकाला कुलूप घालायचं, झावळीने देवळाभोवतीची वाळू सारखी करायची आणि उजाडल्यावर तिच्यावर कोणाची पावलं उमटलीत ते बघायचं. कोल्हा, उंट, चोर, सगळे त्याला पायांवरून कळत.

पण पावलं बहुतेक बायकांची असत. मूल होत नसलं की बाई दिवस उगवायच्या आत येऊन देवळाला सात फेऱ्या घालते. मधे थांबायचं नाही, थांबली की सगळं फुकट. शाझलीला हे अजिबात खपत नसे. फेऱ्या घालून पाळणा हलला असता, तर घाण्याच्या गाढवाला एव्हाना बारा पोरं झाली असती, असं तो चहाच्या दुकानात म्हणायचा. दिसेल तिला हाकलायचा आणि वर दुकानात आकडा सांगायचा. यंदाची चौदावी, वगैरे.

त्या दिवशी झुंजुमुंजू होताना काळ्या कपड्यात गुरफटलेली एक बाई त्याला मागच्या भिंतीशी दिसली. तो नेहमीसारखा ओरडला, "घरी जा, बाई. लाज सोडलीस का?" बाई पळाली. पंधरावी, असं म्हणत शाझली नमाजाला गेला.

उजाडल्यावर तो झावळी घेऊन आला आणि जागीच थबकला. पाऊल लहान, आणि डावं फरफटत गेलेलं. त्याची लेक नगात नऊ वर्षांची असताना खजुरीवरून पडली होती, तेव्हापासून तिचा डावा पाय असाच ओढतो. लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासरची माणसं दुसरी सून शोधताहेत हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण बापापुढे ती हसून म्हणायची, आमचं बरं चाललंय.

त्याने फेऱ्या मोजल्या. पाच पुऱ्या. सहावी मागच्या भिंतीशी तुटलेली, आणि तिथून पुढे फक्त चवडे उमटलेले.

मग त्याला कुठे चैन पडेना. चहा ओतला, तो निवला. विडी पेटवली, विझवली. बसला, उठला, फाटकापर्यंत उगाच चार खेपा घातल्या. परदेशी पाहुणे आले, तर त्यांना एकच भिंत दोनदा दाखवली. आपला आवाज तिने ओळखला असणारच, हे त्याच्या डोक्यातून जाईना. दुपारी फाटक लावून तो गाढवावर बसला.

नगात अंगणात पावाचे गोळे उन्हात फुगायला मांडत होती. तिने त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याने तिच्या कोंबड्यांची. शेवटी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्या मला बरं नाही. ऊन वर येईपर्यंत मी खोलीबाहेर पडणार नाही."

नगातचे हात थांबले. ती म्हणाली, "मग सबाहलाही घेऊन येते. गेल्या वर्षी तुम्ही तिला चौथ्या फेरीला हाकललंत."

कोण सबाह, शाझलीला काही केल्या आठवेना. "आण," तो म्हणाला. "अजून किती जणी आहेत अशा?"

"तुम्हीच सांगा, बाबा," नगात म्हणाली. "आकडा तर तुम्ही ठेवत होतात."