बॅटरी शेवटी

बस डेपोत मिस्त्रीच्या हाताखाली जे कोणी शिकले, त्यांना पहिला धडा एकच मिळाला: गाडीचं सगळं काम आटोपलं की मगच बॅटरीची तार जोडायची, शेवटी. आधी जोडली तर ठिणगी. मिस्त्रीच्या डाव्या भुवईला केस नव्हते. पुरावा म्हणून तो तेवढी भुवई दाखवायचा. निवृत्त होईतो हा नियम त्याच्या डोक्यातून उतरून बोटांत जाऊन बसला होता.

फिरायचं म्हणून त्याने एक जुनी व्हॅन घेतली. आत पलंग, छोटा ओटा, सीटखाली मोठी बॅटरी. पण व्हॅन तयार होईतो बायकोची फुप्फुसं थकली. आता तिच्या नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, मशीनची वायर भिंतीतल्या प्लगला. नळी खिडकीपर्यंत पुरायची, गॅलरीपर्यंत नाही.

"एक रात्र मला पाण्याकाठी काढायचीय," ती म्हणाली. "मग म्हणाल तिथे पडून राहीन."

डॉक्टरांनी एका रात्रीची परवानगी दिली. इतक्या सहज दिली, की मिस्त्रीला ती घ्यावीशी वाटेना.

चालत्या गाडीत मशीन इंजिनावर चालणार होतं. उभ्या गाडीत बॅटरीवर. दुपारचा भार उन्हाने उचलला, तरच बॅटरी रात्रीला पुरणार होती. म्हणून त्याने घडीचं सोलर पॅनेल आणलं. दुकानदाराने बजावलं, "पॅनेल आणि बॅटरीच्या मधे हा कंट्रोलर. याला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. उलटं केलंत तर जळेल." मिस्त्रीने मान हलवली. बसच्या पोटाखाली जन्म काढलेल्या माणसाला कोणी बॅटरी शिकवू लागलं की तो हलवतो, तशी.

तळ्याकाठी ऊन रखरखत होतं. व्हॅन त्याने झाडाखाली लावली, तिच्यासाठी. पॅनेल दूर उन्हात नेऊन उघडलं, तिरपं केलं, पुन्हा तिरपं केलं.

"मिस्त्री, सूर्य वर आहे," ती व्हॅनच्या दारात बसून म्हणाली.

"दिसतोय."

"नाही, चष्मा घरी विसरलात, म्हणून म्हटलं."

तो हसला. कितीतरी दिवसांनी ती चिडवत होती. हसता हसताच त्याने पॅनेलची तार कंट्रोलरला जोडली, स्क्रू पिळला आणि बॅटरीची तार हातात घेतली. शेवटी.

चट् झालं. मग कंट्रोलरमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो." खरं हवं असलं की ती मिस्त्री म्हणत नसे.

"बॅटरी शेवटी जोडली."

"मग बरोबरच की. जेवताना सुद्धा तेच ऐकवायचात."

"इथे उलटं असतं."

तिने पॅनेलकडे बोट केलं. "सरळ बॅटरीला जोडा ना. मोडकी बस दोरीने बांधून डेपोत आणणारा माणूस तुम्ही."

जोडता आलं असतं. डेपोत असता तर मीटर लावून, पहारा देत, जोडलंही असतं. त्याने पॅनेलच्या दोन्ही तारांची उघडी टोकं बॅटरीजवळ नेली. हात तेच होते, मघाशी चुकलेले. त्याने तिच्या नाकातल्या नळीकडे पाहिलं आणि टोकं खाली ठेवली. रात्रभर इंजिन चालू ठेवावं, तर धूर तिच्याच छातीत जाणार.

"मला आता माझा भरवसा वाटत नाही."

"मला आहे."

"तुला असून काय उपयोग?"

हे बोलायला नको होतं. पाण्यावर ऊन नुसतं सांडत होतं, कोणाच्याच कामाचं नाही. त्याने पॅनेलची घडी घातली.

"अंधार पडेपर्यंत तरी?" तिने विचारलं.

"तेवढी बॅटरी पुरेल. मग घरी."

नळी पुरेल तिथपर्यंत त्याने तिची खुर्ची पाण्याकडे सरकवली आणि शेजारी जमिनीवर बसला. पाणी करडं झालं, मग काळं. निघायला आधी तोच उठला. तिने पाण्याकडेच बघत खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. त्याला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.