आईचं आईस्क्रीम
फ्रीजरची काच सरकवली की गार वाफेबरोबर व्हॅनिलाचा वास येतो आणि माझ्या लहानपणीच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातलं, नगरच्या स्टँडासमोरचं ते दुकान आठवतं. गावाहून आईबरोबर आले होते. काचेमागे गुलाबी, पांढरं, हिरवं आईस्क्रीम. मी झटकन गुलाबी मागितलं. "वहिनी, तुम्हाला कोणतं?" दुकानदारानं विचारलं. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी आई गोंधळली, पदर पुढं ओढत म्हणाली, "आदी समद्यांना द्या, मग उरंल ते द्या." मागची माणसं हसली. तिच्या आवडीचं आपणच सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण तिला काय आवडतं, हे मला ठाऊकच नव्हतं. हातावरून गुलाबी ओघळ कोपरापर्यंत गेले. आजही तिच्यासाठी एखादं निवडावं म्हणून काच सरकवते, आणि तशीच लावून घेते.