सगळ्यांकडे उघडेल असं कुलूप

काहीही पाठवलं की आप्पा पाठोपाठ फोन करायचे. "उघडनं का?" एवढाच प्रश्न. मुलांची यादी असो, सुट्टीचा अर्ज असो, नाहीतर लेकीच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेच्या वेळी तर तापीकाठचे सोयरे चक्रावून गेले होते. पत्रिका छापील, पाकिटातली, हळदकुंकू लावलेली. तरी आप्पांचा फोन आलाच. "उघडनी का?"

आप्पा आमच्या निवासी शाळेचे लिपिक. त्याआधी वीस वर्षं विसरवाडीला हायवेवर ट्रक दुरुस्त करत होते. पाठीनं दगा दिला, गॅरेज सुटलं आणि ते आमच्याकडे कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. बोलणं मात्र गॅरेजातच राहिलं. कॉम्प्युटर हळू चालला की "डिझेलमा कचरा शे", आणि मुख्याध्यापक चिडले की "गरम व्हयनं इंजिन, जराखं उभं ऱ्हाऊ द्या." मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. घरी चार माणसं जमली आणि मी आप्पांची ही गोष्ट काढली की बायको आधीच हसायला लागते, कारण या गोष्टीतलं गाढव कोण, ते तिला ठाऊक आहे.

दिवाळीनंतर आमच्या संस्थेची वसतिगृहासाठी परीक्षा असते. सातपुड्यातून मुलं येतात. काही मणिबेलीकडून आधी होडीनं, मग जीपनं. त्याच दिवसांत त्यांचे आईबाप कामाला गुजरातेत निघतात. त्यामुळे रीत अशी की ट्रक शाळेच्या फाटकाशी उभा राहतो. परीक्षा दिलेलं मूल निकालापर्यंत वसतिगृहात राहतं, नाहीतर ट्रकमध्ये चढतं. ट्रकमध्ये चढलं की वर्ष गेलं.

पेपर मुख्य कचेरीतून ईमेलनं येतो, तोही संकेतात बांधून, म्हणजे वाटेत कुणी वाचू नये. याचं तंत्र मला आप्पांनीच समजावलं. आपण कचेरीला आपलं उघडं कुलूप पाठवून ठेवायचं. तिथल्या मॅडम पेपर पेटीत घालून ते कुलूप लावतात. चावी फक्त आपल्याकडे. आणि कुलपावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की आमच्याकडे कोणकोणत्या तऱ्हेची पेटी उघडते. असली सॉफ्टवेअर बनवणारे पुष्कळ, पण सगळ्यांनी मिळून एक नियमावली पाळायची असते. आप्पांनी तिची इंग्रजी पानं छापून, दाभणानं शिवून टेबलावर ठेवली होती.

"आप्पा, एवढं इंग्रजी कळतं तुम्हाला?"

"इंग्रजी नही कळत. नियम कळस. नट कोनी बी बनावो, पाना बसना पाहिजे."

आता माझी करामत. भाऊबीजेला सुरतेचा मेहुणा नवा लॅपटॉप घेऊन आला. त्यात तेच सॉफ्टवेअर, अगदी ताजं. आप्पा रजेवर होते आणि परीक्षेचं काम आठवडाभर माझ्याकडे होतं. मला वाटलं, आप्पांची चावी किती जुनी, गंजलीसुद्धा असेल! मी लॅपटॉपवर नवीकोरी चावी घडवली, कुलूप कचेरीला धाडलं, जुनी चावी पुसून टाकली, नवी पेनड्राइव्हवरून शाळेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये आणली. वर सुरक्षेचा विचार म्हणून मेहुण्याच्या लॅपटॉपवरचीही पुसायला लावली आणि तो लॅपटॉप घेऊन सुरतेला परतला. आयुष्यात एकदाच मी कामाला इतका चोख निघालो. "कालपासून हे स्वतःलाच साहेब म्हणतायत," बायको भावाला म्हणाली होती.

परीक्षा सकाळी अकराची. नवाला पेपर आला आणि उघडेना. पडद्यावर एकच ओळ: ही कसली पेटी, मला माहीत नाही. मी पाच वेळा पासवर्ड टाकला, दोनदा कॉम्प्युटर बंदचालू केला, एकदा चप्पल काढून बसलो. शेवटी मॅडमना फोन लावला. "मॅडम, उघडाच पाठवा ना पेपर!" त्या म्हणाल्या, "आणि फुटला तर सगळ्या केंद्रांची परीक्षा रद्द. तुम्ही सही करता का?" मी फोन ठेवला.

साडेदहाला आप्पा रजेवरून हजर झाले. खिडकीशी एक बाप उभा होता. त्यानं मला विचारलं, "गुरुजी, परीक्षा नाही तर पोरीला गाडीत बसवू? जागा धरावी लागेल." आप्पा वर्गाकडे बोट दाखवत म्हणाले, "दादा, पोरगी आठेच बसू दे." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, काय करी ठेवं?"

मी सगळं सांगितलं. आप्पांनी शिवलेली पानं चाळली, कुलपावरची बारीक यादी पडद्यावर काढली आणि खो खो हसायला लागले. मला रडू येत होतं आणि हा माणूस टेबल बडवत होता.

"आरे, तुन्हं कुलूप खोटं बोली ऱ्हायनं! ते घडनं नव्या लॅपटॉपवर. तठे जे जे उघडस, ते बठं त्यानी लिखी दिन्हं. मॅडमनी वाचं, भरोसा करा, नव्या तऱ्हानी पेटी धाडी दिन्ही. आनि आपलं म्हातारं म्हणी ऱ्हायनं, मन्ही वळख नही!"

"मग आता नवं सॉफ्टवेअर टाकायचं?"

"या डबड्यामा? नव्वीन इंजिन बैलगाडीले लावशी का?"

चावी तीच ठेवली. फक्त कुलपावरची यादी त्यांनी आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर बसून नव्यानं लिहिली: नवी तऱ्हा खोडली आणि नियमावलीत सगळ्यांनी मान्य केलेली जुनी तऱ्हा ठेवली. सुधारलेलं कुलूप मॅडमना गेलं. त्यांनी पेपर पुन्हा बांधून पाठवला. बारा वाजून पाच मिनिटांनी पहिला प्रश्न पडद्यावर दिसला, तेव्हा मी आप्पांना मिठी मारायला गेलो. "पहिले छाप," ते म्हणाले.

पेपर वाटून झाले आणि बाहेर ट्रकचा हॉर्न सुरू झाला. मजूर नेणाऱ्या मुकादमाला एकला निघायचं होतं. पेपर दोन तासांचा. "अर्ध्यात उठवा पोरं, गाडीत बसवा सगळी," तो ओरडत होता. आप्पा कंबर धरत ट्रकपाशी गेले, बॉनेटला कान लावला आणि चेहरा असा केला, जणू घरात कुणी अत्यवस्थ आहे.

"भो, हाऊ आवाज कव्हयपासून येस?"

"कसला आवाज?"

"आयकू नही येत? घाटमा सोडी देई ही गाडी."

मुकादम चपापला. आप्पांनी बॉनेट उघडलं. एकेक बोल्ट सोडवून फडक्यावर मांडला, पुसला, उजेडात धरून पाहिला. ड्रायव्हरला चहा आणायला पाठवलं, मुकादमाला टॉर्च धरायला लावला. दहा मिनिटांचं काम त्यांनी पावणेदोन तास रंगवलं. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होतो. वर्गात पेन्सिलींची करकर, बाहेर त्या ट्रकचं अर्धं पोट जमिनीवर. मला हसू आवरेना, म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. आमच्या शाळेच्या इतिहासातला हा एकमेव पर्यवेक्षक, ज्यानं परीक्षार्थींकडे पाठ फिरवली.

शेवटची उत्तरपत्रिका माझ्या हातात आली आणि बाहेर इंजिन पहिल्या दणक्यात सुरू झालं. माणसं चढली. भांडी, गोधड्या, कोंबडीची टोपली चढली. खिडकीशी उभा होता तो बाप सगळ्यांत शेवटी चढला आणि पोरीकडे बघत राहिला; ती मात्र मैत्रिणीशी सातव्या प्रश्नावरून भांडत होती.

मुकादमानं ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. मागचा अर्धा ट्रक रिकामा.

"आप्पा, पोरं?"

आप्पांनी फडक्याला हात पुसले. "ती आठेच ऱ्हातीन," ते म्हणाले. "तू निंघ. आते गाडी हलकी शे."